हेल्थ सेक्रेटरी म्हणजे आरोग्य सचिव की आरोग्यमंत्री?

प्रश्न असा आलाय की अमेरिकन राजकारण आणि आरोग्यावरच्या मुलाखतींना मराठी सबटायटल द्यायची आहेत, तर 'हेल्थ सेक्रेटरी'ला आरोग्य सचिव म्हणायचं की आरोग्यमंत्री, कारण पेपरात दोन्ही वाचायला मिळतं, आणि मुलाखत घेणारा सारखं 'मिस्टर सेक्रेटरी' म्हणत असतो त्याचं काय करायचं.

माझ्या मते आरोग्यमंत्रीच लिहा आणि 'मिस्टर सेक्रेटरी'ला मंत्रिमहोदय. सचिव म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आयएएस अधिकारी येतो, सरकार बदललं तरी ज्याची नोकरी राहते, फार तर बदली होते, आणि ज्याला विधानसभेत उभं राहून धोरणाचं उत्तर द्यावं लागत नाही. अमेरिकेतला सेक्रेटरी तसा नसतो ना. त्याला राष्ट्राध्यक्ष निवडतो, सिनेट मतदान करून मंजुरी देते, तो कॅबिनेटमध्ये बसतो आणि राष्ट्राध्यक्ष बदलला की साधारणपणे त्याचीही खुर्ची जाते. आरोग्य खात्यासाठी रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांच्या नावाला फेब्रुवारी २०२५ मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४८ अशी मंजुरी दिली, आता आपल्याकडे कुठल्या सचिवाच्या नेमणुकीवर सभागृहात असं मतदान होतं? म्हणजे मुलाखतीत लसींवरून त्यांना उलटसुलट विचारतात तेव्हा ते एका राजकारण्याला धोरणाचा जाब विचारणं असतं, तिथे सचिव लिहिलंत तर वाचकाला वाटणार की कुणा अधिकाऱ्याला धारेवर धरलंय, आणि अख्ख्या मुलाखतीचा सूर बिघडतो. 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' परराष्ट्रमंत्री आणि 'ट्रेझरी सेक्रेटरी' अर्थमंत्री हे तर बहुतेक पेपर नीट लिहितात, मग एकट्या आरोग्यालाच सचिव का?

आणि हे काही मी नवीन सांगत नाहीये. ब्रिटिश काळात लंडनमध्ये जो 'सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया' बसायचा त्याला मराठीत भारतमंत्री म्हणतात, शाळेच्या इतिहासात आपण भारतमंत्री मोर्ले, भारतमंत्री माँटेग्यू असंच वाचलंय. ज्यांनी हा शब्द रुळवला त्यांनी पद काय आहे, त्याच्या हातात काय आहे ते पाहिलं आणि मंत्री म्हटलं. मला हा शब्द फार आवडतो आणि याच्याहून चांगला दाखला या वादात मिळणार नाही.

यावर कुणी म्हणेल की अष्टप्रधानात सचिव होताच की. बरोबर आहे, १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी जुनी पदनावं बदलून सुरनीसाचा सचिव झाला, वाकनीसाचा मंत्री, डबीराचा सुमंत, आणि भोरचे पंतसचिव पुढे संस्थानिक होते, म्हणजे तेव्हाचा सचिव हा प्रधानच होता, कारकून नव्हे. पण आज तो अर्थ कुणाच्या मनात येत नाही. मुंबईत सरकारची जी मुख्य इमारत आहे तिचं नावच आधी सचिवालय होतं, नंतर ते बदलून मंत्रालय केलं, इतका या दोन शब्दांमधला फरक आपल्याकडे पक्का झालाय, त्यामुळे शिवकालीन अर्थ सबटायटलमध्ये आणून उपयोग नाही.

आता मंत्री हा शब्दही शंभर टक्के जुळतो असं नाही हे मान्य. आपल्याकडे मंत्र्याला सभागृहाचं सदस्य व्हावंच लागतं, नसेल तर सहा महिन्यांच्या आत ते मिळवावं लागतं. अमेरिकेत बरोब्बर उलट आहे, राज्यघटनेनुसार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सदस्य असताना कॅबिनेटचं पद घेताच येत नाही, म्हणून मार्को रुबिओ यांना परराष्ट्रमंत्री होताना सिनेटची जागा सोडावी लागली, २००९ मध्ये हिलरी क्लिंटन यांनाही. तरी अधिकार कुणाच्या हातात आहे हे मंत्री या शब्दातूनच कळतं.

खरी गंमत खालच्या पदांची आहे, तिथे डिक्शनरी बघून लिहिलंत तर हमखास फसाल. 'अंडर सेक्रेटरी'ला आपल्याकडे अवर सचिव हा अधिकृत शब्द आहे, पण आपला अवर सचिव म्हणजे मंत्रालयात कक्ष अधिकाऱ्याच्या वर आणि उपसचिवाच्या खाली, आणि अमेरिकेतला अंडर सेक्रेटरी हा खात्यातला अगदी वरच्या फळीतला माणूस, त्यालाही सिनेटची मंजुरी लागते. तसंच 'डेप्युटी सेक्रेटरी' हा तिथला खात्यातला दुसऱ्या नंबरचा माणूस, त्याला उपमंत्री म्हणा, उपसचिव नको. त्याखालच्यांना सरळ 'परराष्ट्र खात्यातले वरिष्ठ अधिकारी' म्हटलं तरी काही बिघडत नाही. 'अ‍ॅटर्नी जनरल'च्या नावात सेक्रेटरी नाही पण तो तिथल्या न्याय खात्याचा प्रमुख आणि कॅबिनेटचा सदस्य असतो, आपला महान्यायवादी सरकारचा वकील असतो, मंत्री नाही, म्हणून तिथे महान्यायवादी नको, न्यायमंत्री म्हणा. आणि उलट बाजूने 'प्रेस सेक्रेटरी'ला मात्र मंत्री करू नका हं, तो व्हाइट हाउसचा प्रवक्ता.

आरोग्याच्या मुलाखतींमध्ये आणखी एक पद येतं, सर्जन जनरल. काही ठिकाणी त्याचं महाशल्यचिकित्सक केलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं हा कुणी मोठा ऑपरेशन करणारा डॉक्टर. हे पद निघालं खलाशांसाठीच्या सरकारी दवाखान्यांमधून, १८७१ मध्ये जॉन वुडवर्थ पहिले, म्हणून आजही त्यांचा गणवेश नौदलासारखा दिसतो. त्यांचं मोठं काम म्हणजे लोकांशी बोलणं, सिगारेटने कॅन्सर होतो हे १९६४ मध्ये अहवाल काढून सरकारच्या वतीने सांगितलं ते सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनी. तर तिथे सर्जन जनरल हेच ठेवा आणि पहिल्यांदा नाव येईल तेव्हा 'सरकारचे आरोग्यविषयक प्रवक्ते' एवढी जोड द्या.

डॉ. फाउची यांना काही जण सर्जन जनरल समजतात, काही जण आरोग्यमंत्री, ते दोन्ही नव्हते. ते १९८४ पासून २०२२ पर्यंत अ‍ॅलर्जी आणि संसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय संस्थेचे संचालक होते, रेगनपासून बायडेनपर्यंत राष्ट्राध्यक्ष बदलत गेले तरी ते त्याच खुर्चीत राहिले, म्हणजे आपल्या मनातल्या सचिवाच्या सगळ्यात जवळचा माणूस खरं तर तेच, पण लिहिताना संचालक लिहा.