फवारणीची पँट आणि वीर्याचा रिपोर्ट

प्रश्न : नारायणगावजवळ चार एकर द्राक्ष आहे. बारा वर्षं फवारणी मीच करतो. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टरांनी शुक्राणू कमी सांगितलेत. औषधांमुळे असेल का? पुढे मूल झालं तर त्यात व्यंग येईल का?

उत्तर : दादा, आधी स्वतःची तपासणी करून घेतलीत हे फार चांगलं केलंत. आपल्याकडे घरच्या बाईचे चार दवाखाने होतात, तेव्हा कुठे गडी उठतो.

औषधांचा संबंध असू शकतो. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक किडे) मारायचं औषध बनवणाऱ्या कारखान्यात कामगारांच्याच लक्षात आलं, की आपल्यापैकी कुणालाच मुलं होत नाहीत. तपासलं तर कित्येकांचे शुक्राणू घटलेले, काहींचे शून्य. काम सुटल्यावर काही जण सुधारले, काही सुधारले नाहीत. तरी तुमच्या बाबतीत औषधच कारण, असं एका रिपोर्टवरून ठरत नाही. वृषणाच्या शिरा फुगणं, तंबाखू, दारू हेही डॉक्टर बघतील.

आता बागेतलं बोलू. डब्यावरचा त्रिकोण आपण बघतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण तो रंग औषध एका वेळी पोटात किंवा कातडीतून गेलं तर किती घातक, एवढंच सांगतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेल्यावर काय होतं, ते नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाला लाल त्रिकोण नाही, म्हणून बादलीत हात घालून कालवणारे मी रोज बघतो. हे औषध बुरशीच्या पेशींचं विभाजन अडवतं. शुक्राणूही पेशींच्या विभाजनातूनच तयार होतात. प्रयोगातल्या उंदरांच्या वृषणांना त्याने इजा झालेली आहे आणि युरोपने ते जनुकांना व प्रजननाला घातक अशा वर्गात टाकलंय. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीच्या काडीवरच्या डोळ्यांना (कोंब फुटायच्या जागांना) लावायच्या हायड्रोजन सायनामाइडच्या पेस्टलाही उघडा हात लावू नका. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारू अजिबात नको, जिवावर बेततं.

विष तोंडानेच जातं असं नाही. पाठीवरचा पंप गळतो, पाणी कमरेवरून खाली उतरतं, पँट जांघेत ओली होते आणि गडी तशाच पँटवर संध्याकाळपर्यंत राहतो. तिथली कातडी पातळ. हातापेक्षा कितीतरी पटीने औषध तिथून आत जातं. माझ्या मते मास्कइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व या ओल्या पँटला आहे. पंपाचं वॉशर बदला, कमरेला प्लॅस्टिकचा एप्रन बांधा, नायट्राइलचे हातमोजे वापरा, काम संपताच साबणाने आंघोळ करा. कपडे वेगळे धुवा. ते बायकोने उघड्या हातांनी धुवायचे नाहीत, हे विसरू नका.

शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात. म्हणून फवारणी दुसऱ्याकडे द्या (त्यालाही हातमोजे आणि एप्रन द्या), तीन महिने थांबा आणि मग पुन्हा वीर्य तपासणी करा. नुसत्या संख्येवर जाऊ नका. शुक्राणूतल्या डीएनएची मोडतोड मोजणारी वेगळी तपासणी असते, गरज आहे का ते डॉक्टरांना विचारा. अशी मोडतोड जास्त असेल तर गर्भ राहणं अवघड जातं आणि गर्भपाताचा धोका वाढतो. पण बापाने औषध मारलं म्हणजे मूल व्यंगाचंच होणार, ही भीती मनातून काढून टाका.

प्रश्न : हवेलीत मुळा-मुठेच्या पाण्यावर पालक, मेथी घेतो. त्यातूनही असं काही होतं का?

उत्तर : शहराच्या सांडपाण्यातून शिसं आणि कॅडमियम हे जड धातू येऊ शकतात. दोन्ही शुक्राणूंना मारक, आणि पालेभाज्या कॅडमियम पटकन ओढतात. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात, हे दोन त्यात नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत नमुना देताना माती आणि पाणी दोन्ही द्या, चिठ्ठीवर ‘जड धातू’ असं स्पष्ट लिहा. अहवाल वाईट आला तर त्या पट्ट्यात पालेभाजी बंद करून फुलं घ्या.