गाळलेला एक शब्द

प्रश्न : स्वातंत्र्य मिळताच अमेरिकेने मजबूत केंद्र सरकार का उभारलं नाही?

लंडनच्या पार्लमेंटचा कर नको म्हणून तर लढाई पेटली होती; मग घरचंच दुसरं पार्लमेंट कोण डोक्यावर बसवून घेणार? १७८१ साली लागू झालेल्या ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या राज्याराज्यांमधल्या करारात काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेला, कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. तिने राज्यांकडे पैसे मागायचे, आणि द्यायचे की नाही ते राज्यांनी ठरवायचं. आयात मालावर ५ टक्के जकात बसवायची तर करारात दुरुस्ती हवी आणि दुरुस्तीला १३ही राज्यांचा होकार हवा. १७८२ मध्ये चिमुकल्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि प्रस्ताव बारगळला. पुढच्या खेपेला न्यूयॉर्क आडवं आलं. बंदराची जकात त्यांच्याच तिजोरीत पडत होती, ती सुखासुखी कोण सोडेल!

प्रश्न : शेजच्या बंडामुळेच राज्यघटना आली, हे खरं का?

अर्धं खरं. सप्टेंबर १७८६ मध्ये ॲनापोलिसला जमलेल्या ५ राज्यांच्या प्रतिनिधींनी, राज्यघटना जिथे लिहिली गेली त्या फिलाडेल्फियाच्या बैठकीची हाक आधीच दिली होती. जानेवारी १७८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेजच्या मागे स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, आणि काठावरच्या अनेकांनी मन पक्कं केलं.

प्रश्न : राज्यघटनेची दहावी दुरुस्ती तर उरलेले सगळे अधिकार राज्यांना किंवा जनतेला देते. मग केंद्र वरचढ कसं ठरलं?

इथे सगळा खेळ एका शब्दाचा आहे. जुन्या करारात ‘स्पष्टपणे’ सोपवलेले अधिकार तेवढेच काँग्रेसचे होते. दहाव्या दुरुस्तीतही हा शब्द घालावा अशी सूचना १७८९ मध्ये आली. घटनेचा एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन याने विरोध केला आणि ती फेटाळली गेली. त्याची किंमत कळली १८१९ मध्ये. मेरीलँडने बाल्टिमोरमधल्या राष्ट्रीय बँकेच्या शाखेवर कर लादला; कॅशियर मॅकलोक तो भरेना. राज्याचं म्हणणं, घटनेत बँकेचा उल्लेखच नाही. सरन्यायाधीश मार्शल यांनी नेमकं त्या गाळलेल्या शब्दाकडे बोट दाखवलं : दिलेले अधिकार वापरायला लागणारी योग्य साधनं केंद्राला मिळतातच, आणि अशा साधनावर राज्याला कर बसवता येणार नाही. माझ्या मते घटनेच्या मसुद्याइतकाच हा निकाल महत्त्वाचा.

प्रश्न : म्हणजे मॅडिसन केंद्रवादी आणि जेफर्सन राज्यवादी?

अशी पाटी लावली की फसगत होते. १७८७ मध्ये मॅडिसनला राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकारही काँग्रेसला हवा होता. १७९८ मध्ये सरकारवरची टीका गुन्हा ठरवणारा कायदा आला, तेव्हा त्यानेच नाव लपवून व्हर्जिनियाचा निषेधाचा ठराव लिहिला, केंटकीचा जेफर्सनने. हेच जेफर्सन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर घटनेत सोय नसताना १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रचंड मुलूख विकत घेऊन मोकळे झाले! सत्ता हातून गेलेल्याला राज्यांचे हक्क आठवतात, हे त्या काळात पुन्हा पुन्हा दिसतं. १८१४ मध्ये हार्टफर्डला जमून कुरकुरणारे न्यू इंग्लंडचे (ईशान्येकडच्या राज्यांतले) फेडरलिस्ट पक्षवाले एके काळी केंद्राचे कट्टर कैवारी होते.

प्रश्न : साउथ कॅरोलिनाने केंद्राची जकात आपल्या राज्यापुरती ‘रद्द’ केली, त्याचं पुढे काय झालं?

१८३२ च्या त्या ठरावाला म्हाताऱ्या मॅडिसनचाही विरोध होता. अध्यक्ष जॅक्सन यांनी २ मार्च १८३३ या एकाच दिवशी दोन कायद्यांवर सही केली : एक जकात टप्प्याटप्प्याने उतरवणारा, दुसरा वसुलीसाठी फौज वापरू देणारा. साउथ कॅरोलिनाने जकातीवरचा ठराव मागे घेतला. मात्र जाता जाता फौजेचा कायदा रद्दबातल ठरवूनच!