परिविक्षा अधिकारी घरी येणार आहेत, काय सांगावे?

प्रश्न : माझ्या बहिणीच्या 15 वर्षांच्या मुलावर विहिरीवरच्या मोटरीची केबल चोरल्याचा आरोप आहे. तो जामिनावर घरी आला असून परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) चौकशीसाठी येणार आहेत. त्याची सुटलेली शाळा आणि वडिलांची दारू सांगितली तर केस बिघडेल, असे गावातील जाणते म्हणतात. काय करावे? (एक मामा, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : भाऊ, यातले काहीही लपवू नका. मोठ्यांच्या खटल्यात आरोपीने कमी बोलावे, हा जाणत्यांचा अनुभव चुकीचा नाही; परंतु 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार, मुलांवरच्या आरोपांची प्रकरणे पाहणाऱ्या बाल न्याय मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, ते आरोपाबरोबर मुलाचे घरही पाहिले जावे म्हणूनच. हे घर मंडळापुढे येते ते परिविक्षा अधिकाऱ्यांच्या सामाजिक तपास अहवालातून, जो मुलाला प्रथम हजर केल्यापासून 15 दिवसांत द्यायचा असतो. तो गोपनीय असतो, म्हणून दारूची गोष्ट गावभर होईल ही भीती बाळगू नका. केबल कोणी नेली, याविषयी मात्र वकिलांशी बोलल्याशिवाय काही सांगू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मुलाला मोफत वकील देते.

मी मंडळावर असताना एका अहवालात ‘परिस्थिती हलाखीची, मुलगा उनाड’ एवढीच ओळ आली होती. आम्ही अधिकाऱ्यांना पुन्हा गावी पाठवले. त्यांनी शाळेचे हजेरीपत्रक उघडले, तेव्हा त्याची गैरहजेरी दरवर्षी सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणीच्या आरंभीच्या पूजेच्या, सुमारास सुरू होऊन पराटी (कापसाची झाडे) उपटेपर्यंत चालत असल्याचे दिसले; वडील वारलेले, आई कंबरेच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली, आणि वेचणीची मजुरी आणणारा घरात तोच एक. ‘उनाड’ हा शब्द त्यानंतर मंडळात कोणी उच्चारला नाही. समज व समुपदेशन देऊन त्याला घरी पाठवता आले, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत भावंडांसाठी बाल संगोपन योजनेचा अर्जही भरला गेला.

त्या पहिल्या ओळीचा मला आजही राग येतो. एका अधिकाऱ्याकडे कितीतरी गावे असतात, हे मी जाणते, तरी अशा एका ओळीवर मुलाची पुढची वर्षे ठरू शकतात. म्हणून हजेरीचा उतारा आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या आधीच काढून ठेवा, गुरुजींना व अंगणवाडीताईंना त्या दिवशी घरी बोलवा, आणि भाच्याला पुन्हा शाळेत बसायचे असेल तर ते त्यालाच सांगू द्या.