पोरांना एकत्र वाजवायला बसवताना

अरे, कुडाळात व्हायोलिनचा क्लास काढतोयस तर पोरांकडून नुसतं सोलो घोटून घेऊ नकोस, क्वार्टेट, म्हणजे चौघांनी मिळून वाजवायची रचना, बसव. दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनची जरा मोठी, खालच्या सुरांची बहीण) आणि एक चेलो (त्याहून मोठं, खर्जातलं). यात हाताने इशारे देणारा कंडक्टर नसतो, त्यामुळे पहिल्या व्हायोलिनवाल्याने श्वास घेत बो (गज) उचलला की बाकीच्यांनी तो बघून सुरू करायचं, आणि पोरं नेमकी नोटेशनमध्ये डोकं खुपसून बसतात! व्हिओला नसेल तर तो पार्ट व्हायोलिनवर चालतो, व्हिओलाच्या खालच्या सी तारेचे जे सूर व्हायोलिनवर नाहीत तेवढे एक सप्तक वर घ्यायचे. एकमेकांचे पार्ट गायला लाव. आणि जत्रा सुरू झाल्या की दशावताराला ने, पेटीवाल्याच्या बाजूलाच बसव, संवाद आयत्या वेळचे असतात तरी पेटी-पखवाजवाले नटाच्या तोंडाकडे बघून साथ कशी धरतात ते दिसूदे त्यांना. आईबाप कुरकुरतील, करूदेत.