आधी छत, मग भांडण

देवरुखजवळच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. महिन्याला 38,000 रुपये पेन्शन आहे, यजमान नाहीत, मुलगी पुण्यात असते. वडिलोपार्जित घराची कौलं आणि वाळवी लागलेले वासे काढून त्यांनी यंदा एप्रिलमध्ये लोखंडी सांगाड्यावर रंगीत पत्रे घालून घेतले. काम 4,80,000 रुपयांना ठरलं. 4,00,000 दिले, 80,000 बाकी आहेत. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि माजघरात, झोपायच्या खोलीत पाणी आलं. पीओपीचं सिलिंग पडलं, वायरिंग भिजलं, पलंग, गादी आणि कपाट खराब झालं. ठेकेदार म्हणतो, बाकीचे 80,000 आणि मालाचे वेगळे 35,000 द्या, मग माणसं पाठवतो. दुसऱ्या फॅब्रिकेटरने दुरुस्तीचे 1,60,000 सांगितले आहेत. भाच्याचं म्हणणं, आठ लाखांचा दावा लावा. त्यासाठी वकिलांनी 60,000 सांगितले. ताई विचारतात, पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतली दहा लाखांची ठेव मोडून छतही करावं आणि केसही लढावी, की मागितलेले पैसे देऊन विषय संपवावा?

ताई, दोन्ही करू नका. छताची दुरुस्ती आणि ठेकेदाराशी असलेला वाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्तीला मुदत पावसाने घातली आहे आणि वादाला कायद्याने. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. निकाल लागेपर्यंत छत तसंच ठेवलं तर पुढच्या जूनमध्ये आणखी एक खोली जाईल, आणि त्या नुकसानीबद्दल तुम्हालाच विचारलं जाईल की हातात सात महिने असताना तुम्ही काय केलं. समोरच्याची चूक असली तरी नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी आपल्यावरही असते, असं करार कायदा सांगतो. म्हणून दुरुस्ती येत्या उन्हाळ्याच्या आत झाली पाहिजे, पैसे मिळोत वा न मिळोत.

आता ठेवीचं. तुमचं खातं उघडून दोन वर्षं झाली आहेत, म्हणजे मुदतीआधी बंद केलं तर मुद्दलाचा एक टक्का, 10,000 रुपये, कापले जातील. याहून मोठी अडचण अशी की या खात्यातून हवे तेवढेच पैसे काढता येत नाहीत. काढायचे तर सगळे दहा लाख. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे 20,500 रुपये त्याच दिवशी बंद होतील. पेन्शनच्या जोडीला तुमचा औषधपाण्याचा खर्च त्यावरच चालतो असं तुम्ही लिहिलं आहे. दीड-दोन लाखांच्या कामासाठी हे खातं अजिबात बंद करू नका.

तुमच्याकडे बँकेत तीन लाखांची एक मुदत ठेव आहे आणि तिला अजून चौदा महिने आहेत. तीही मोडायची नाही. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागतील तसे पैसे उचला. ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज लागतं, जेवढे पैसे वापरू तेवढ्यावरच लागतं, आणि ठेवीचं व्याज चालू राहतं. हिशोब असा मांडला: दुरुस्ती 1,60,000, वायरिंग 25,000, इंजिनिअरची फी 6,000, एकूण 1,91,000. त्यात ठेकेदाराचे न दिलेले 80,000 तुमच्या बचत खात्यात आहेतच. म्हणजे उचल फक्त 1,11,000 ची. महिन्याला 10,000 भरत गेलात तर वर्षभरात फिटेल आणि साडेआठ टक्के दर धरला तर व्याज पाच हजारांच्या आसपास जाईल. बांगड्या गहाण ठेवण्याचा विचार तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिला आहे, त्याची गरज नाही.

सिलिंग यात मी मुद्दाम धरलेलं नाही. नव्या दुरुस्तीवरून एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. तोवर वर पत्रा आणि सांगाडा उघडा दिसला तरी चालेल, उलट पाणी कुठून येतंय ते लगेच कळेल. वायरिंगचं मात्र थांबू नका. भिजलेल्या खोल्यांचा पुरवठा आजच मेनवरून बंद करून घ्या.

ते 80,000 हे तुमच्या हातातलं सगळ्यात बळकट हत्यार आहे. ठेकेदार तेच आधी मागतोय, कारण ते एकदा गेले की त्याला परत येण्याचं काही कारण उरत नाही. तुम्ही लिहिता, त्याची मुलगी माझ्या हाताखाली शिकली, पैसे अडवून ठेवणं बरं वाटत नाही. तुमची घालमेल मला कळते. पण काम पुरं झालेलं नाही, आणि पुऱ्या न झालेल्या कामाचा शेवटचा हप्ता राखून ठेवण्यात काहीही गैर नाही. फक्त गप्प राहून राखू नका. हे पैसे गळतीच्या दुरुस्तीपोटी का ठेवले आहेत, ते लेखी कळवा.

त्याचा प्रस्ताव आकड्यांत स्वस्त दिसतो, हेही सांगितलं पाहिजे. त्याला 1,15,000 आणि वायरिंगचे 25,000 मिळून 1,40,000 होतात. माझ्या मार्गात 1,91,000. फरक 51,000 चा आहे आणि तुमच्या पेन्शनमध्ये तो लहान नाही. पण त्या फरकात काय काय जातं ते बघा. पैसे आधी द्यायचे, काम तोच करणार, चूक काय होती ते तो मान्य करणार नाही, आणि स्वतःच्याच चुकीच्या मालाचे 35,000 तुम्ही भरलेत की नंतर दोष त्याचा होता हे म्हणणं कठीण होईल. हा सौदा मी घेणार नाही.

मात्र त्याला एक संधी द्या आणि ती तुमच्या अटींवर द्या. दुरुस्ती त्याने स्वतःच्या खर्चाने करायची, इंजिनिअरच्या देखरेखीखाली करायची, आगाऊ पैसे नाहीत. 80,000 जुलैअखेर, दीड-दोन महिन्यांच्या पावसात छत गळलं नाही तर द्यायचे. हे त्याने लिहून दिलं तर तुमच्यासाठी सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग हाच आहे.

ही मागणी नोटिशीतून करायची. वकिलाची सही असलीच पाहिजे असं नाही. साध्या मराठीत, तारखांसह, स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती जपा. पंधरा दिवसांची मुदत द्या आणि त्याच पत्रात छताच्या पाहणीचा दिवस आणि वेळ कळवून त्याला हजर राहायला सांगा. तो आला तर उत्तम. नाही आला तर बोलावलं होतं याचा पुरावा राहतो.

पाहणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचे पैसे परत मिळणं बहुतांशी याच एका दिवसावर अवलंबून आहे. दुरुस्तीला हात लागण्यापूर्वी ती झालीच पाहिजे. एकदा नवे पत्रे चढले की जुनी चूक दाखवायला काही उरत नाही. देवरुख-रत्नागिरीतला एखादा सिव्हिल इंजिनिअर गाठा, ज्याचा या ठेकेदाराशी किंवा दुसऱ्या फॅब्रिकेटरशी व्यवहार नाही. पाऊस गेला असला तरी गळती दाखवता येते. एक माणूस नळी घेऊन वर, एक जण खाली खोलीत टॉर्च घेऊन. पाणी आधी खालच्या कडेला सोडायचं, तिथे दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग हळूहळू आढ्याकडे सरकायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहतं आणि नेमकी जागा कळत नाही. खालच्या माणसाने मोबाइलवर सलग चित्रीकरण करायचं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत मला दोन गोष्टी दिसल्या. एक, आढ्याजवळचे स्क्रू तिरके गेले आहेत आणि त्यांचे रबरी वायसर चिरलेले आहेत. प्रत्येक स्क्रूभोवती गंजाचं तांबूस कडं धरलं आहे, म्हणजे पाणी तिथून मुरतंय. दोन, मागच्या पडवीचा उतार मूळ घराच्या उताराला जिथे मिळतो त्या कोनात पत्र्यावर पत्रा जेमतेम तीन बोटं चढवला आहे. तिथे निदान सहा इंच हवा, आणि खाली वेगळा पत्र्याचा कोन हवा. हे माझं साध्या डोळ्यांनी केलेलं निरीक्षण आहे, इंजिनिअरने ते मोजून, सही करून लिहायला हवं. त्याला पत्र्याची जाडीही मोजायला सांगा. वहीच्या पानावर ठेकेदाराने स्वतःच्या हाताने "पत्रा 0.50" लिहून सही केली आहे. रंगीत पत्र्याच्या खालच्या बाजूला बहुधा कंपनीचं नाव आणि जाडी छापलेली असते. तिथे 0.50 ऐवजी 0.45 मिलिमीटर निघाली तर तो वेगळा आणि सहज सिद्ध होणारा मुद्दा आहे. ते पान प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, फोटो काढून मुलीला पाठवा.

आता आठ लाखांकडे येऊ. मी तुमचा दावा असा मांडतो. दुसऱ्या फॅब्रिकेटरच्या 1,60,000 मध्ये मागच्या पडवीच्या नव्या पन्हळीचे 22,000 आहेत. ती पन्हळ मूळ कामात नव्हतीच. ती जरूर बसवा, पण तिचे पैसे याच्याकडून मागता येणार नाहीत. राहिले 1,38,000. सिलिंगचे 38,000, वायरिंगचे 25,000. पलंग, गादी आणि कपाटाचे तुम्ही नव्या खरेदीच्या भावाने 27,000 लिहिले आहेत, पण वस्तू आठ-दहा वर्षं वापरलेल्या होत्या. जुन्या गादीला नव्या गादीचे पैसे मिळत नाहीत. 12,000 धरू. इंजिनिअरचे 6,000. बेरीज 2,19,000. त्यातून तुमच्याकडे राहिलेले 80,000 वजा केले की 1,39,000 उरतात. तुमचा खरा वाद एवढ्याच रकमेचा आहे. मानसिक त्रासाबद्दल ग्राहक आयोग भरपाई देतो, पण अशा प्रकरणांत ती बहुधा काही हजारांत असते, लाखांत नाही. आठ लाख मागितल्याने आठ लाख मिळत नाहीत, उलट खऱ्या आकड्यावरचा विश्वास उडतो. आणि 1,39,000 साठी 60,000 ची फी म्हणजे शंभरातले त्रेचाळीस रुपये आधीच खर्च.

दिवाणी दाव्याऐवजी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. स्वतःच्या राहत्या घरासाठी घेतलेलं काम ही सेवा आहे आणि तुम्ही ग्राहक आहात. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, तुमचा चार लाख आहे. तक्रार स्वतः मांडता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ठेकेदाराने तिथेच नमतं घेतलं तर पुढचं वाचेल. एखाद्या वकिलाकडून फक्त मसुदा तपासून घ्यायला हरकत नाही, तेवढ्यासाठी पाच-सात हजार द्यावेत.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. ती गळती दिसल्यापासून मोजायची की काम संपल्यापासून, यावर वाद होऊ शकतो, म्हणून एप्रिलपासूनच मोजा. "पुढच्या आठवड्यात येतो" असे त्याचे निरोप येत राहिले म्हणून ही मुदत वाढत नाही. माझ्या मते फेब्रुवारीपर्यंत तक्रार दाखल व्हावी.

भाच्याने पोलिसात फसवणुकीची तक्रार द्यायचंही सुचवलं आहे. तसं करू नका. वाईट काम आणि फसवणूक या कायद्याच्या नजरेत वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकदा पोलीस ठाण्याची पायरी चढलात की तडजोडीची वाट बंद होते.

तडजोड हवी आहे. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं जातात, पुढे अपील होऊ शकतं. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी वसुली वेगळी करावी लागते. आदेश न पाळणाऱ्याला तुरुंगवास किंवा किमान 25,000 रुपये दंड अशी तरतूद आहे, ती उपयोगी पडते, पण तीही वेळ घेते. हे सगळं धरून मी म्हणेन, तो एकरकमी 90,000 ते 1,00,000 द्यायला तयार झाला आणि राहिलेले 80,000 सोडले, तर घ्या. 60,000 म्हणाला तर नाही म्हणा. ठरेल ते लेखी घ्या, पैसे खात्यात जमा झाल्यावरच "काही मागणं उरलं नाही" या कागदावर सही करा.

विम्याबद्दल थोडक्यात. भारत गृह रक्षा ही प्रमाणित घरविमा पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. वादळाने पत्रे उडाले, पूर आला, टाकी किंवा पाइप फुटला तर ती कामी येते. सदोष कामातून झिरपलेल्या पाण्याचे पैसे तिच्यातून मिळत नाहीत, म्हणून या वेळच्या नुकसानीला ती असती तरी उपयोग नव्हता. छत पक्कं झालं की मात्र मे महिन्याच्या आत ती घ्या. वादळ कोकणाला नवं नाही.

नव्या फॅब्रिकेटरशी करार करताना 1,60,000 मधले 30,000 ऑगस्टपर्यंत राखून ठेवायचं आधीच लिहून घ्या, पत्र्याची जाडी, स्क्रूचा प्रकार आणि पत्र्यावर पत्रा किती चढवायचा ते कागदावर येऊ द्या, आणि पैसे खात्यातूनच द्या. रोख दिलेले 1,50,000 तुमच्याकडे फक्त वहीत आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. बँकेतून ते काढल्याच्या तारखा पासबुकात असतील, त्या ओळींवर खूण करून झेरॉक्स नोटिशीच्या फायलीत लावा. नोटिशीचा मसुदा तयार झाला की पाठवण्यापूर्वी मला दाखवा, आकडे मी तपासून देईन.