पेझ्ली, कैरी की कोयरी?

प्रश्न असा: पडदे, अभ्रे, कुर्ते, स्कार्फ यांच्या वर्णनात ‘पेझ्ली प्रिंट’ लिहिलेलं असतं. त्याला मराठीत शब्द आहे का? कुणी कैरी म्हणतं, कुणी बुट्टा. यातलं बरोबर काय?

शब्द आहे, आणि फार नेमका आहे: कोयरी. बऱ्याच घरांत कुयरी म्हणतात, तेही बरोबर. आजच्या वापरात कैरी म्हणजे फळ आणि कोयरी म्हणजे त्या फळाचा आकार: खाली पोट, वर निमुळती होत गेलेली मान आणि एका बाजूला वळलेला शेंडा. याच आकाराच्या कुंकवाच्या डबीलाही कोयरी म्हणतात. हिंदीत फळाला आणि नक्षीला मिळून ‘कैरी’ चालते. मराठीने दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, तर ही सोय हातची घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

बुट्टा मात्र वेगळ्याच गोष्टीचं नाव आहे. आकृती कापडावर कशी मांडली आहे, ते या शब्दातून कळतं. अंगभर सुटी सुटी विखुरलेली नक्षी म्हणजे बुट्टे, आणि त्याच बारीक असतील तर बुट्ट्या. त्या जागी फूल असेल, मोर असेल किंवा कोयरी असेल. म्हणून ‘कोयरीची बुट्टी’ ही द्विरुक्ती नाही. पहिला शब्द आकार सांगतो, दुसरा मांडणी. पदराच्या कोपऱ्यात एकच मोठी कोयरी भरलेली असेल तर बनारसी विणकर तिला कोनिया म्हणतात. तोही जागेवरून आलेला शब्द.

आता पेझ्ली. हे स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ असलेल्या एका गावाचं नाव आहे. काश्मिरी शालींना युरोपात प्रचंड मागणी आली, पण त्या महाग. लाकडी कान्यांवर, म्हणजे छोट्या काड्यांवर, रंगीत धागा गुंडाळून विणलेल्या एका शालीला दीड-दोन वर्षंही लागत. मग तिकडच्या मागांवर नकला निघू लागल्या. पेझ्लीत हे काम 19व्या शतकाच्या सुरुवातीला आलं आणि इतकं वाढलं की नक्षीलाच गावाचं नाव चिकटलं. 1870 नंतर शालींची फॅशन ओसरली आणि तो धंदा बसला, पण इंग्रजीत नाव राहून गेलं. फ्रेंच लोक याच नक्षीला ‘काशमीर’ म्हणतात. मुळाशी प्रामाणिक राहणारं नाव ते.

पण ही आकृती मुळात आंबा होती का? काश्मीरच्या जुन्या शाली क्रमाने पाहिल्या तर तसं दिसत नाही. 17व्या शतकात तिथे एक नाजूक, मुळांसकट काढलेलं फुलझाड आहे. पुढे त्याचा दाट गुच्छ होतो आणि त्याचा शेंडा एका बाजूला कलतो. मग गुच्छाभोवती बाह्यरेषा येते, आणि 19व्या शतकात ती रेषाच मुख्य होऊन लांबत, वळत, एकमेकींत गुंतत जाते. फारसीत या आकृतीला ‘बोतेह’ म्हणतात, म्हणजे झुडूप. हिंदी ‘बेलबूटे’मधला बूटा म्हणजेही रोपटंच. आपल्याला त्यात आंबा दिसला. तमिळमध्येही ‘मांगाय’ म्हणजे कैरीच, पंजाबीत अंबी. रशियन माणसाला काकडी दिसली, वेल्समधल्या गोधड्या शिवणाऱ्यांना पेअर. हा आकार टिकून राहिला याचं मोठं कारण मला इथे दिसतं. तो एका फळाला किंवा फुलाला बांधलेला नाही. आत काहीही भरा, बाह्यरेषा त्याला सांभाळून घेते. बोटाच्या पेराएवढी कोयरी शर्टावर शोभते आणि हातभर लांबीची पडद्यावर.

त्या बाह्यरेषेतही एक गंमत आहे. कोयरीची एक कड खालपासून शेंड्यापर्यंत बाहेरच फुगलेली असते. दुसरी पोटाशी बाहेर येऊन मानेशी आत वळते. काढताना दोन्ही कडा फुगीर ठेवल्या तर पाण्याचा थेंब होतो, आणि शेंडा फार आवळला तर स्वल्पविराम. कोयरीला डावं-उजवं आणि वर-खाली दोन्ही असतं, त्यामुळे नजर तिच्या वळणामागे सरकत राहते.

म्हणूनच कापडाचं वर्णन करताना नुसतं ‘कोयरीचं कापड’ लिहून भागत नाही, दिशा सांगावी. सगळे शेंडे एकीकडे असतील तर ‘एकदिशा’, वर-खाली मिसळलेले असतील तर ‘उलटसुलट’, जोडीने असतील तर ‘समोरासमोर’. एकदिशा कापडात तुकडे उलटे ठेवून कापले की पुढच्या भागावर कोयऱ्या उभ्या आणि पाठीच्या भागावर उलट्या, असं होतं. पडद्यात रिपीट, म्हणजे नक्षी पुन्हा सुरू होण्याचं अंतर, आधी मोजावं. शिलाईसकट 250 सेंमी लांबी हवी आणि रिपीट 60 सेंमीचं असेल, तर चार रिपीटमध्ये 240 सेंमीच भरतात. पाच घ्यावे लागतात, म्हणजे पट्टीमागे 300 सेंमी. दोन पट्ट्यांना 5 मीटर पुरतील असं धरून कापड आणलं की जोडावर कोयऱ्या जुळत नाहीत. उरलेल्या 50 सेंमीच्या तुकड्यांतून उशांचे अभ्रे निघतात.

मग पेझ्ली शब्द टाकूनच द्यायचा? नाही. लहानमोठ्या कोयऱ्या, वेली आणि पानं एकमेकींत गुंतून सगळं कापड भरून टाकतात, अशा दाट छपाईला ‘पेझ्ली’ म्हणावं. सुटी, ओळखू येणारी आकृती असेल तिथे कोयरी: कोयरीचे काठ, कोयरीची बुट्टी, मेंदीतली कोयरी. ‘पेझ्ली कोयरी’ हा जोडशब्द मात्र टाळावा. त्यात एकच गोष्ट दोन भाषांत सांगितली जाते.

लिहिताना ‘पेझ्ली’ असंच लिहावं. इंग्रजी अक्षरांवरून ‘पैसली’ किंवा ‘पेसले’ लिहिलं जातं, पण मूळ उच्चारात झ आहे. कोयरी स्त्रीलिंगी, अनेकवचन कोयऱ्या. त्यातला ऱ्य ‘दऱ्या’तला, ‘आर्या’तला नव्हे, ‘कोयर्या’ छापलेलं दिसलं तर दुरुस्त करावं.