इंजिनाला शेवटी हात लावा, आधी फुटबोर्ड बघा

तुमचा प्रश्न असा आहे: मामांकडून १९८९ची प्रीमियर पद्मिनी मिळाली, सहा वर्षं जागेवर उभी आहे, घरच्याच पार्किंगमध्ये सुट्टीच्या दिवशी काम करून ती पहिल्यासारखी करायची आहे. तर सुरुवात इंजिनापासून करू का, आणि खर्च व वेळ किती धरू?

इंजिनापासून करू नका. एवढं सांगायलाच मी लिहायला बसलोय.

इंजिन चालू झालं की अर्धं काम झालं असं वाटतं. घरचे गोळा होतात, व्हिडिओ निघतो, आणि मग सगळा पैसा त्या नादात इंजिनावरच जातो. खरं तर गाडीत सगळ्यात सोपं काय असेल तर हेच. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन. बोअर करणं, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह घासणं, हे सगळं मला कोल्हापूरच्या उद्यमनगरात आठवड्याभरात करून मिळालं. पैसे दिले की होणारं काम आहे ते. पत्र्याचं तसं नाही. पत्रा नीट करायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायला कुठलंच गॅरेज तयार नसतं. घरी काम करणाऱ्याकडं मात्र तोच असतो.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पेट्या, ज्यांना गॅरेजवाले फुटबोर्ड म्हणतात त्या, मधले खांब आणि वरचं छत मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळं फुटबोर्ड सडला तर ते फक्त दिसायला वाईट एवढंच नसतं, गाडीची ताकद गेलेली असते. ही एक गोष्ट मी आमच्या दादाला गेली पाच वर्षं सांगतोय.

आमची गाडी १९९१ची. आप्पांनी ती १९९७ साली इचलकरंजीतच सेकंडहँड घेतली. आठ यंत्रमागांच्या मालकाला त्या काळी गाडी म्हणजे मोठी गोष्ट होती. जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला, आजोळी गडहिंग्लजला, सगळीकडं तीच. स्टेअरिंगवरचा गिअर आणि पुढं आप्पांच्या शेजारी आम्ही दोघं भाऊ. २००६ला ताईचं लग्न ठरलं आणि वरातीला हीच गाडी पाहिजे असा आप्पांनी हट्ट धरला. हातात पंधरा दिवस होते. दादानं गाडी एका गॅरेजला टाकली आणि डेंटिंग-पेंटिंग करून लग्नाच्या आदल्या दिवशी घरी आणली. १८ हजार रुपये झाले होते. आरशासारखी दिसत होती. पाव्हणे हात लावून बघत होते. मलाही ती त्या दिवशी फार आवडली होती.

२०१७ला आप्पा गेले. गाडी मागाच्या शेडमागं ताडपत्रीखाली उभी राहिली. दादा पुण्यात. तो म्हणाला, भंगारात देऊया, जागा तरी मोकळी होईल. मी नको म्हटलं. २०२१च्या जानेवारीत ताडपत्री काढली.

मी वर्कशॉपमधलं चुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या गाडीवरनं फिरवलं. बोनेटला चिकटलं, छताला चिकटलं, दारांना वर चिकटलं. डाव्या फुटबोर्डवर हातभर अंतरात कुठंच चिकटेना. स्क्रूड्रायव्हरनं टोचल्यावर बोटभर जाडीचा थर निघाला, नुसत्या लांबीचा. (लांबी म्हणजे गाडीच्या पत्र्यावर भरायची पुटी. तिला चुंबक चिकटत नाही.) त्याच्या खाली बारदान, आणि बारदानाच्या मागं आधाराला कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे. एक बोळा मी उलगडला. एप्रिल २००६. तारीख स्वच्छ वाचता येत होती.

सडलेला पत्रा न कापता भोकात कागद कोंबून वरनं लांबी ओढली होती. बरं, तेवढ्यावरच थांबलं नाही. कागद आणि बारदान ओल धरून ठेवतात. २००६ला जिथं वीतभर भोक असेल तिथं पंधरा वर्षांत पुढच्या खांबाच्या बुडापर्यंत पत्रा गेला होता. मी हातानं दाबला तर त्याचा चुरा झाला. आम्ही सगळे ज्या गाडीत बसून आंबोलीचा घाट उतरलो तिची डावी बाजू अशी होती, हे कळल्यावर मी बराच वेळ तिथंच खाली बसून होतो.

फोटो दादाला पाठवले. त्याचा फोन आला.

"अरे, अकरा वर्षं चालली की तशी. कुणाला काय झालं?"

"झालं नाही म्हणून बरोबर होतं का?"

"पत्रा कशाला कापायलास? वरनं मारलं की झालं. तू कापलेलं परत जोडणार कोण?"

आजही आमचा वाद या शेवटच्या वाक्यावर येऊन थांबतो, म्हणून पुढचं जरा सविस्तर सांगतो. तुमच्या उपयोगाचं तेच आहे.

मी कापलं, आणि चुकीचं कापलं. गाडी पुढच्या-मागच्या चाकांपाशी ओंडक्यांवर घेतली होती, मधे आधार नव्हता. ग्राइंडरनं डावा फुटबोर्ड सलग काढला. दुसऱ्या रविवारी दार लावायला गेलो तर दार वरच्या कोपऱ्यात खांबाला धडकायला लागलं. गाडी मधे बसली होती. खालनं सुटली की खांबांची वरची टोकं एकमेकांकडं येतात. वरची फट आठ मिलिमीटरनं कमी झाली होती. मी उजव्या बाजूच्या दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजले, त्या मापांवर डावी बाजू आणायची ठरवली. गाडीच्या पोटाखाली लांब आडवं लोखंडी चॅनेल टाकून दोन जॅक लावले आणि अर्धा-अर्धा फेरा देत उचललं. दर खेपेला कर्ण मोजायचा, थांबायचं, परत मोजायचं. एक अख्खा रविवार त्यात गेला. संध्याकाळी दोन्ही बाजूंचे कर्ण जुळल्यावर चौकटीत सव्वा इंची चौकोनी पाइप आडवा-तिरका वेल्ड करून ती माप धरून ठेवली.

तो पाइप कापायच्या आधी लावायचा असतो. तुम्ही ही चूक करू नका. दारांच्या चौकटीत आधी पाइप, मग ग्राइंडर. आणि एका वेळी एकच बाजू, दुसरी बाजू मापाला शाबूत ठेवायची.

नवा फुटबोर्ड तयार मिळाला नाही. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीस वर्षांच्या वर झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. इंजिनाचे, ब्रेकचे भाग हिंडल्यावर मिळतात, बॉडीचे फार कमी. मी पुण्याच्या जुन्या बाजारात दोन खेपा केल्या (बुधवार आणि रविवार भरतो), तिथं दाराची कडी आणि मागच्या दिव्याची काच मिळाली, पत्रा नाही. शेवटी पुठ्ठ्याचा नमुना कापला, १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, जस्त न चढवलेला) पत्रा आणला आणि शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या मशीनवर वाकवून घेतला. दुकानदार जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा देत होता, गंजणार नाही म्हणून. घेऊ नका. वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो, तो छातीत जातो, आणि सांधाही चांगला बसत नाही.

वेल्डिंग सीओटू मशीननं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेनं. गॅसच्या ज्योतीनं पातळ पत्रा तापून वळतो. कंपनीच्या वेल्डिंगचे जुने टाके (स्पॉट) ड्रिलनं काढायचे, नव्या पत्र्याला सहा मिलिमीटरची भोकं पाडून ती भरत जायचं. सलग रेघ ओढायची नाही. इथं एक टाका, हातभर पुढं दुसरा, मग परत मागं, आणि मधे गार होऊ द्यायचं. मागाच्या दुरुस्तीत आयुष्य गेल्यामुळं हात बसलेला होता, तरी पहिल्या फूटभरात मी तीनदा पत्रा जाळला. टाकाऊ तुकड्यांवर महिनाभर सराव करा, मग गाडीला लावा.

फुटबोर्ड बंद करायच्या आधी आतून झिंकचा प्रायमर मारायचा आणि बुडाला पाणी निघून जायची भोकं ठेवायची. कंपनीनं भोकं ठेवलेली असतात, रंगवाले ती लांबीनं बुजवतात. गाडी सडायचं हे एक मोठं कारण. दुसरं म्हणजे पुढच्या काचेचं रबर. ते ताठ झालं की पावसाचं पाणी डॅशबोर्डमागनं उतरून मॅटखालच्या जाड फेल्टमध्ये मुरतं. वरनं मॅट कोरडं, खाली ओल. तळाचा पत्रा वरच्या बाजूनं सडतो, म्हणून खालनं बघून कळत नाही. तुमची गाडी उघड्यावर उभी असेल तर आजच मॅट आणि फेल्ट काढून टाका. परत घालायचा विचार वर्षभर करू नका.

दिवाळीला दादा आला तेव्हा डाव्या बाजूला नुसता प्रायमर होता. त्यानं फुटबोर्डवर बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं. लांबीवर ठोकलं की आवाज बद्द येतो, पत्र्यावर टण्ण. त्यानं उजवीकडं जाऊनही ठोकलं, ती बाजू तेव्हा व्हायची होती. मग म्हणाला, "आवाज वेगळा येतोय." एवढंच. जेवताना परत म्हणाला, दोन लाख घालून वीस हजारांची गाडी करणार तू. हिशोब म्हणून त्याचं खरं आहे. पण विकायची असती तर मी हात लावलाच नसता. आप्पांच्या गाडीत माझी पोरं बसणार असतील तर खाली पत्राच पाहिजे, कागद चालणार नाही. यावर मी दादाचं कधीही ऐकणार नाही.

त्याच्या बाजूनं एक सांगायला हवं. त्याच्याकडं पंधरा दिवस होते, माझ्याकडं दोन वर्षं चार महिने. आणि आत काय भरलंय हे गॅरेजवाल्यानं त्यालाही सांगितलं नव्हतं.

आता तुमचा खर्च. माझा एकूण दोन लाख दहा हजारांच्या आसपास गेला, २०२३पर्यंत, माझी मजुरी सोडून. त्यात रंग सगळ्यात महाग पडला, ५५ हजार, कारण तो मी बाहेरून करून घेतला. धूळ असलेल्या पार्किंगमध्ये शेवटचा हात मारू नका. इंजिनाला मशीनिंगसकट ३० हजार. बाकी टायर, क्रोम, रबरं, वायरिंग, सीटचं कापड. तुमचा आकडा मी सांगू शकत नाही, तो तुमच्या फुटबोर्डवर ठरेल. वेळ मात्र जो मनात धरला असेल त्याच्या दुप्पट धरा.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा, रिकामी आहे म्हणून सोडू नका, रिकाम्या टाकीतली वाफच पेटते. ग्राइंडर मारताना शेजारी पाण्याची बादली आणि एक माणूस पाहिजे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर आणि रबरी होज सगळे नवे घाला, आणि तुम्ही आयुष्यात कधी ब्रेक उघडला नसेल तर ते काम जाणत्या मेस्त्रीकडूनच करून घ्या. तिथं हौस नको. जुन्या ब्रेक लायनिंगची धूळ हवेनं उडवू नका, त्यात अॅसबेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्यानं पुसा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा बदलूनच गाडी चालू करा.

कागदाचंही आधी बघा. पासिंग संपलं असेल तर पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, पण वीस वर्षांवरच्या चारचाकीला ऑगस्ट २०२५पासून त्याची फी १० हजार झाली आहे. पर्यावरण कर वेगळा. विंटेज नोंदणीच्या मागं लागू नका, तिला गाडी पन्नास वर्षांवरची लागते आणि तशी गाडी रोज फिरवताही येत नाही. आरसी मामांच्या नावावर असेल तर मामा आहेत तोवर नावावर करून घ्या. आप्पांच्या पश्चात वारसांच्या सह्या गोळा करण्यात माझे सात महिने गेले.

या रविवारी एवढंच करा. चुंबक फडक्यात गुंडाळा आणि दोन्ही फुटबोर्ड, पुढच्या खांबांचं बूड, मागच्या चाकांच्या वरची कमान आणि डिकीचा तळ तपासा. जिथं चिकटणार नाही तिथं खडूनं खूण करा आणि त्या खुणांचे फोटो इथं टाका. इंजिनाचे नकोत.